हुंडणावळ कोणाच्या पदरात?

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी आपल्या पायांनी जात नाही. तो कोणीतरी न्यावा लागतो; आणि नेलेला पैसा खरा की खोटा, ज्याचा त्याला पोहोचला की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. नेणे आणि पाहणे ही दोन निराळी कामे आहेत. कधी ती एकच माणूस करतो, कधी दोघे करतात. अलीकडे बिटकॉइन वगैरे नव्या चलनांविषयी चार माणसे बोलू लागली की बोलणे भाव किती चढला आणि किती उतरला एवढ्यावरच संपते. आमच्या संघटनेतल्या हमालाला किंवा जिनिंगमधल्या मजुराला कोणतेही नवे काम सांगा, तो पहिला प्रश्न विचारतो, "मंग माले काय भेटी?" शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. मला तो अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न वाटतो. मी अर्थशास्त्र कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. ताळेबंद वाचावयास शिकलो तो मालकांशी वाटाघाटी करताना, गरजेपोटी. म्हणून आजचा विषय मी याच प्रश्नाच्या टोकाने धरणार आहे.

बिटकॉइनच्या जाळ्यात ज्या यंत्रावर सगळ्या व्यवहारांची वही ठेवलेली असते आणि येणारा प्रत्येक नवा व्यवहार त्या वहीशी ताडून पाहिला जातो, त्या यंत्राला नोड म्हणतात. नोड म्हणजे जाळ्यातली गाठ. मी त्याला पेढी म्हणणार आहे, कारण काम पेढीचेच आहे: वही ठेवावयाची, समोर आलेला कागद पारखावयाचा, खरा असेल तर पुढच्या पेढीकडे धाडावयाचा, खोटा असेल तर तिथेच टाकून द्यावयाचा. अशा पेढ्या जगभर लोकांच्या घरांत आणि कचेऱ्यांत चालतात. त्यांना एक मालक नाही, नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही. त्या चालवणाऱ्याला काय मिळते? उत्तर एका शब्दात देता येते, पण तो शब्द ऐकून कोणाचे समाधान होणार नाही. आधी आपल्याच खानदेशच्या वाटेने साडेतीनशे वर्षे मागे गेले पाहिजे.

सुरतेहून आग्र्यास जाणारा एक मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा करीत बऱ्हाणपुरास पोहोचत असे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात मोडते. परंतु फारुकी सुलतानांची ती राजधानी होती, आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावरही खानदेश सुभ्याचे ते मुख्य ठाणे राहिले. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या रस्त्याने गेला. माणूस मोठा चौकस. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो हेसुद्धा त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या कामाची आहे ती त्याची दुसरी नोंद. कोणत्या गावाहून सुरतेवर हुंडी केली तर शेकडा किती हुंडणावळ पडते, याची त्याने यादीच दिली आहे. अहमदाबादेहून १ ते १½ टक्का, बऱ्हाणपुराहून २½ ते ३, आग्र्याहून ४¼ ते ५, आणि ढाक्याहून १०. या आकड्यांशेजारी नकाशा ठेवला तर दिसते की सुरतेपासून जो जो दूर जावे तो तो दर चढतो. दर चढा का, याचे कारणही ताव्हेर्निए देतो. या हुंडीवर पैसे देणारा सराफ मालाची जोखीम पत्करीत असे. वाटेत माल लुटला गेला तर त्याची रक्कम बुडे. म्हणजे ती टक्केवारी नुसती हमाली नव्हती; तीत विम्याचाही भाग होता.

हुंडीचे तंत्र आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते, आपण विसरलो आहोत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बऱ्हाणपूरच्या कापडवाल्याला सुरतेस पैसे पोचवावयाचे आहेत. तो इथल्या सराफाकडे रक्कम भरतो. सराफ सुरतेतल्या आपल्या आडत्याच्या नावाने चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठी दाखवताच पैसे द्यावयाचे असतील तर ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे असतील तर मुदती. चिठ्ठीत रक्कम आकड्यात आणि अक्षरात तर असेच, शिवाय निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट असेही लिहीत. एखादे शून्य वाढवून फसवणाऱ्याला तीन ठिकाणी हात चालवावा लागे. पाठोपाठ आडत्याला वेगळे सूचनापत्र जाई. मूळ चिठ्ठी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. शाहजोग हुंडी तर वाटेल त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होत नसे. बाजारात ओळख असलेल्या शाह माणसामार्फतच ती वटे, आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहवर पडे.

यात रोकड पैशाची ने-आण फार थोडी होई. बऱ्हाणपूरचे कापड सुरतेच्या बंदरातून इराण-तुर्कस्तानापर्यंत जाई, त्यामुळे सुरतेचा व्यापारी बऱ्हाणपूरचे देणे लागे. आणि बंदरावर उतरलेला माल वर येई त्याचे देणे उलट दिशेने लागे. दोन्हीकडच्या सराफांनी वह्यांत जमाखर्च टाकला की पुष्कळसे एकमेकांत फिटे. उरे त्या फरकापुरतीच नाणी बैलावर चढत.

आता आपला प्रश्न या सराफाला विचारू. त्याला काय भेटे? पहिली हुंडणावळ, ती तर उघडच. दुसरे, पैसे आज हाती येत आणि द्यावयाचे ते पुढे, तोवर ती रक्कम त्याच्या वापरात राही. तिसरे, निरनिराळ्या गावच्या नाण्यांचा बट्टा. चौथे म्हणजे पत. आणि ती बाकी तिघांहून मोठी. ज्याची हुंडी फिरली नाही त्याची हुंडी उद्या कमी दराने आणि अधिक दूरवर चाले. एकदा हुंडी नाकारली गेली की बातमी बाजारभर होई. म्हणून चिठ्ठी पारखण्याचे काम तो कोणी वेगळे पैसे देवो न देवो, डोळ्यांत तेल घालून करी, कारण खोटी चिठ्ठी स्वीकारली तर बुडणारे पैसे त्याचे स्वतःचे असत. नेणारा आणि पाहणारा इथे एकच होता, आणि दोन्ही कामांची मजुरी त्याच एका टक्केवारीत भागे. ही व्यवस्था सरकारी कायद्याविना शेकडो वर्षे चालली. १८८१ साली इंग्रजांनी चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, त्यातदेखील देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढीला हात लावावयाचा नाही असे पहिल्याच कलमात लिहून ठेवावे लागले.

या सराफांची मी आरती ओवाळतो आहे असे कोणी समजू नये. ही पारख बरोबरीच्या माणसांत चाले. सराफाची वही सराफ वाचू शके. कुणब्याच्या नावाचे खाते सावकाराच्या घरी एकाच वहीत असे, ती वाचणारा आणि लिहिणारा एकच, आणि अंगठा मात्र कुणब्याचा. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांना मारण्यापेक्षा त्यांचे रोखे हिसकावून जाळण्यावर भर दिला. ज्या वहीची दुसरी प्रत आपल्यापाशी नाही ती वही आपल्याविरुद्ध लिहिली जाते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून कळले होते. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. बिटकॉइनचे सगळे मर्म तिच्यात आहे.

आगगाडी आली, तार आली, अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, जळगावची पेठ वाढली. या सर्वांत हुंडी लगेच मेली नाही, पण लहान माणसाच्या पैशासाठी एक नवी वाट निघाली. १ जानेवारी १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणात, आणि पुढे सुरतेच्या यंत्रमागावरचा आपला खानदेशी माणूस शिरपूर-शिंदखेड्याकडे पैसे धाडू लागला. सुरतेची तीच जुनी वाट, फक्त बैलाऐवजी तापी खोऱ्याची रेल्वे. अखेरच्या काळात मनीऑर्डरचे कमिशन वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच होते. वाटमारीची जोखीम घेऊन बऱ्हाणपूरचा सराफ तीन घेत असे! अर्थात सराफ गरिबाच्या वीस रुपयांची हुंडी लिहीत नव्हता आणि आईच्या हातात नेऊन रक्कम मोजून देत नव्हता, हेही खरे. २०१५ साली कागदी मनीऑर्डर बंद झाली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली.

पण शेकडा पाच गेले कोणाकडे? खात्याच्या तिजोरीत. आणि ज्या गावात ते पैसे उतरत, तिथल्या पेढीवर कोण बसले होते? शाखा डाकघराचा ग्रामीण पोस्टमास्तर. हा मनुष्य ब्रिटिश अमलापासून खात्याचा आहे आणि नाहीही. पूर्वी त्याला 'खातेबाह्य' म्हणत, पुढे 'ग्रामीण डाक सेवक' असे गोड नाव मिळाले. बहुधा गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार हे काम करी. कामाचे तास दिवसाला चार किंवा पाच. पोस्टाला जागा त्यानेच द्यावयाची. आणि भरतीच्या वेळी त्याच्याकडून लिहून घेत की उपजीविकेचे दुसरे पुरेसे साधन माझ्यापाशी आहे! ही अट मी प्रथम वाचली तेव्हा दोनदा वाचली. आम्ही कारखान्यात असा करार कधी पाहिला नव्हता. मालक कामगाराला सांगतो की तुझे पोट दुसरीकडे भरते ना, मग इथले वेतन अपुरे असले तरी चालेल. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात हे लोक नागरी पद धारण करतात असे मानले, तेव्हा त्यांना निदान विनाचौकशी काढून टाकता येईनासे झाले. वेतनाचा प्रश्न तसाच राहिला. मे २०१८ मध्ये देशभरच्या ग्रामीण डाक सेवकांनी सुमारे पंधरवडाभर संप केला. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी श्रेणी मंजूर केली. शाखा पोस्टमास्तरला चार तासांचे दरमहा किमान १२,००० आणि पाच तासांचे १४,५००. त्या वेळी असे सेवक तीन लाखांहून अधिक होते, शाखा डाकघरे सुमारे १ लाख २९ हजार. देशातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या पैशाच्या जाळ्याच्या गाठी इतक्या स्वस्तात बांधलेल्या होत्या.

आजच्या यूपीआयचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपणा सर्वांच्या खिशातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये ते आले, आणि जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून घ्यावयाचे शुल्क सरकारने शून्य केले. भाजीवाली खूष, आपण खूष. पण यंत्रे चालवणाऱ्या बँकांचा खर्च शून्य झालेला नाही. म्हणून सरकार दरवर्षी तिजोरीतून त्यांना प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ साठी ती सुमारे १,५०० कोटी रुपये ठरवली गेली, लहान दुकानदाराकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्का. हुंडणावळ गेली असे म्हणतात ती अशी करामार्फत परत आली आहे. मला त्यात गैर वाटत नाही. रस्ताही आपण करातूनच बांधतो. फक्त तिला फुकट म्हणू नये.

आता बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले. हा नाकामोतो कोण हे आजवर उघड झालेले नाही. त्याची कल्पना अशी की वही एकाच सावकाराच्या घरी नको, ज्याला हवी त्याच्या घरी पुरी प्रत असावी. सुमारे दर दहा मिनिटांनी नवे पान जोडले जाते. पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून यंत्रांना एक अवघड आकडेमोड करावी लागते, आणि जो प्रथम करील त्याला नव्या नाण्यांचे बक्षीस, शिवाय त्या पानावरच्या व्यवहारांची फी. यालाच खाणकाम म्हणतात. बक्षीस सुरुवातीस पानामागे ५० नाणी होते. २ लाख १० हजार पानांनंतर ते निम्मे होते: २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५, एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जावयाची नाहीत.

पहिल्या दिवसांत हे सगळे घरच्या साध्या संगणकावर होई. जो वही ठेवी तोच पाने जोडी, तोच पारखी, आणि त्यालाच बक्षीस मिळे. म्हणजे बऱ्हाणपूरच्या सराफासारखी दोन्ही कामे एका हाती होती. पण बक्षीस मोठे होताच काम फुटले. २०१० च्या सुमारास लोक चित्रे रंगवणाऱ्या वेगवान चिपा या कामास जुंपू लागले, २०१३ पासून केवळ याच आकडेमोडीसाठी बनवलेली यंत्रे आली. मग स्वस्त वीज जिथे तिथे गोदामे भरून यंत्रे लागली. २०२१ साली बंदी येईपर्यंत यातला मोठा वाटा चीनमध्ये होता. गिरणीचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हे नवे नाही. घरचा माग गेला आणि गिरणी आली.

मागे राहिली ती पेढी. वही ठेवणे आणि पान पारखणे हे काम घरच्या लहान यंत्रावर आजही होते. वही सहाशे जीबीच्या वर गेली आहे, म्हणजे मोठी डिस्क हवी, अखंड इंटरनेट हवे, थोडी वीज हवी. आणि या कामाचे वेतन? मघाशी म्हटलेला तो एक शब्द आता सांगतो: शून्य. नाकामोतोने बांधलेल्या व्यवस्थेत पान जोडणाऱ्याला मोबदला आहे. ते पान खरे आहे की नाही हे पाहणाऱ्याला कवडी नाही. त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या अशा पेढ्या जगभरात हजारांतच मोजता येतात, लाखांत नाही, आणि नाणी बाळगणारे मात्र कोट्यवधी. बहुतेकांनी आपली नाणी कुठल्यातरी बाजारकंपनीच्या खात्यावर ठेवून दिलेली असतात आणि वहीचे पान कधी पाहिलेलेही नसते.

जळगावच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत कितीएक पतपेढ्या अडचणीत आल्या, ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकले. त्यांत मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, निवृत्त गिरणी कामगारांचा फंड होता. मी अशा ठेवीदारांबरोबर मोर्च्यात चाललो आहे, म्हणून नावे न घेता एवढेच विचारतो की हिशोब कोण पाहत होते? वार्षिक सभा होत असे. सभासदाला वह्या पाहण्याचा हक्क कायद्याने होता. पण एक दिवसाची मजुरी बुडवून वही पाहावयास जाणार कोण, आणि पाहिली तर तिचे त्याला काय भेटी? प्रत्येकाला वाटले शेजारी पाहत असेल. राहता राहिला लेखापरीक्षक. त्याची फी संस्थाच देणार, आणि पुढच्या वर्षी त्याला नेमावयाचे की नाही हे ज्या सभेत ठरणार ती सभा बहुधा संचालकांच्याच हाती. पैसे नेणाऱ्याला पगार होता, गाडी होती. पाहणाऱ्याचे काम सर्वांचे होते, म्हणून कोणाचेच राहिले नाही.

मग बिटकॉइनच्या बिनपगारी पेढ्या चालतात तरी कशा? काही हौसेने, काही तत्त्वासाठी. हे दोन्ही प्रकार मी चळवळीत पाहिले आहेत, आणि हौस लग्न झाल्यावर किती टिकते हेही पाहिले आहे. टिकाऊ कारण तिसरे आहे. ज्याच्या हाती रोज या नाण्यांचा मोठा भरणा येतो, तो व्यापारी किंवा बाजारकंपनी दुसऱ्याच्या पारखीवर विसंबू शकत नाही. खोटे नाणे घेतले तर माल त्याचा जातो. त्याच्यापुरते बऱ्हाणपूरच्या सराफाचेच गणित खरे ठरते.

या पेढ्यांच्या हाती काही बळ आहे काय, याची परीक्षा २०१७ साली झाली, आणि ती गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावीशी वाटणारच. वाद असा होता की वहीचे पान एक मेगाबाइटाचे, त्यावर फार थोडे व्यवहार मावत. मोठे खाणवाले आणि कित्येक कंपन्या म्हणत, पान मोठे करा. घरी वही ठेवणारे म्हणत, पान मोठे केले की वही भराभर फुगेल, साध्या माणसाला ती घरी ठेवणे परवडणार नाही, आणि मग खाणवाल्यांच्या पानाला नाही म्हणणारा कोणी उरणार नाही. त्यांनी मांडलेली दुसरी सुधारणा पानाची रचना बदलणारी होती. ती स्वीकारावयास खाणवाले चालढकल करीत होते. तेव्हा काही पेढीवाल्यांनी जाहीर केले की १ ऑगस्ट २०१७ पासून या सुधारणेस संमती न दर्शवणारे कोणतेही पान आमच्या यंत्रावर घेतले जाणार नाही. हा असहकारच होता. वेतन नसलेल्या माणसाला संप करता येत नाही, कारण त्याने काम थांबवले तर मालकाचे काही अडत नाही. पण नकार देता येतो. ती तारीख उजाडण्यापूर्वीच, जुलैमध्ये, खाणवाल्यांनी संमती दिली आणि ऑगस्टअखेर सुधारणा अमलात आली. ज्यांना ती नको होती त्यांनी त्याच १ ऑगस्टला आपली निराळी वही काढली. खाणवाले या नोटिशीमुळेच वाकले की आपसांतील तडजोडीमुळे, याविषयी आजही वाद आहे. माझे मत असे की नोटीस देणारे थोडे होते, तरी नाणे बाजारात खपले नाही तर खणून उपयोग काय, ही भीती खरी होती. खाणवाल्याचे वीजबिल शेवटी कोणीतरी ते नाणे खरे मानून घेतो म्हणूनच भरले जाते.

पेढीवाल्यालाही वेतन द्यावे असे ज्यांना वाटले त्यांनी दुसरी चलने काढली. २०१४ साली निघालेल्या डॅश या चलनात पेढी ठेवणाऱ्याला बक्षिसाचा मोठा हिस्सा मिळतो. अट एवढीच की त्याच्यापाशी १,००० डॅश असले पाहिजेत. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकाम सोडून दिले. तेव्हापासून तिथे पान जोडण्याचा आणि पारखण्याचा मोबदला अनामत ठेवणाऱ्याला मिळतो, आणि स्वतंत्र पेढी चालवावयाची तर ३२ इथर अडकवावे लागतात. लबाडी केली तर अनामत कापली जाते. पारखणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असावेत, हे जुने सराफी तत्त्व यात आहे आणि ते मला पटते. पण याला मजुरी म्हणू नये. हे भांडवलावरचे व्याज आहे. ३२ इथर ज्याच्यापाशी नाहीत त्याने यंत्र कितीही इमानाने चालवले तरी त्याला काही मिळत नाही.

हुंडीच्या सर्वांत जवळ जाते ते लाइटनिंग नावाचे जाळे. बिटकॉइनच्या वहीवर प्रत्येक चहाचा हिशोब लिहिणे परवडत नाही, म्हणून पून आणि ड्रायजा या दोघांनी २०१५ च्या सुमारास अशी योजना मांडली की दोन पेढ्यांनी आपसांत रक्कम बांधून ठेवावी, रोजची देवघेव आपसांतच फिरवावी, आणि खाते बंद करताना उरेल तेवढा फरक मोठ्या वहीत मांडावा. जळगावच्या माणसाला नाशिकच्या माणसाचे देणे असेल आणि दोघांमध्ये थेट खाते नसेल, तर मधल्या तिसऱ्या पेढीतून रक्कम जाते, आणि मधली पेढी आडत घेते. प्रचारातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये मूळ दर व्यवहारामागे एक सातोशी, म्हणजे एका नाण्याचा दहा कोटीवा भाग, आणि वर रकमेच्या दहा लाखांस एक असा ठेवलेला आहे. ताव्हेर्निएची यादी आठवा. बऱ्हाणपूरला लाखास अडीच-तीन हजार पडत. इथे दहा लाखांस एक! साहजिकच लहान पेढीवाल्याचे विजेचेही पैसे सुटत नाहीत. ज्याच्यापाशी पुष्कळ रक्कम बांधून ठेवावयास आहे आणि जो दिवसरात्र खात्यांचा तोल सांभाळतो, त्यालाच काही उरते. सराफकट्टा पुन्हा मोठ्या सराफांकडेच सरकतो आहे.

बक्षीस २०२८ च्या सुमारास आणखी निम्मे होईल, १.५६२५. असे निम्मे होत होत एकविसावे शतक संपल्यानंतरही काही दशके ते चालेल, आणि मग खाणवाल्याचा सारा चरितार्थ व्यवहारांच्या फीवर, म्हणजे निखळ हुंडणावळीवर राहील. ती भरावयास तेव्हा किती लोक तयार असतील यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

आपल्याकडे कोणाला अशी पेढी घरी ठेवावीशी वाटली तर कायद्याची आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवले होते; ते ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. नफ्यावर मात्र २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि विक्रीवर एक टक्का कापून घेतला जातो. पण पेढी ठेवून दरमहा उत्पन्न मिळेल असे सांगत कोणी दारी आला तर त्याला चहा देऊन वाटेला लावावे. गेनबिटकॉइन प्रकरणात खाणकामाच्या नावावर दरमहा १० टक्के देण्याचे वचन होते, अठरा महिने. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधारास पकडले तोवर हजारो लोकांचे पैसे गेले होते. खऱ्या पेढीतून उत्पन्न येत नाही. आपल्या नाण्यांची वही आपण स्वतः पाहिली एवढेच तिच्यातून मिळते. ज्याच्यापाशी नाणीच नाहीत त्याला तिचा उपयोग फक्त शिकण्यापुरता. आमच्या संघटनेच्या कचेरीत एका तरुणाने जुन्या संगणकावर ती याच हेतूने लावली आहे. दुपारी वीज गेली की यंत्र बंद पडते. वीज आली की ते जगभरच्या शेजारी पेढ्यांकडून मधली पाने मागवते, एकेक पान स्वतः तपासते, आणि वही पुरी झाली की पुढच्या पानाची वाट पाहत बसते. मधली पाने पुरवल्याबद्दल शेजारी काही मागत नाहीत.